मेश्राम गार्डची रविवारची गाडी

गेल्या महिन्यात माझ्या कॉलेजच्या वर्गातल्या मुलामुलींनी एक बेत आखला. एका संध्याकाळी शहरातल्या चार पबमध्ये ओळीनं जायचं, प्रत्येक ठिकाणी थोडा वेळ थांबायचं, आणि सगळ्यांनी जुन्या सिनेमातल्या माणसांसारखे कपडे घालायचे. मलाही विचारलं. मी गेले नाही. अशा ठिकाणी काय बोलायचं ते मला सुचत नाही. पण एक मुलगा म्हणाला की रायपूरमध्ये असं पहिल्यांदाच होत आहे, तेव्हा मला वाटलं की हे खरं नाही. आमच्या तात्यापारा वस्तीत हे पाच वर्षं चाललं होतं. त्यातही थांबे ठरलेले होते, पोशाखही ठरलेला होता. मात्र ते सगळं चालवणारा माणूस स्वतः दारूला शिवत नव्हता. त्यांचं नाव मेश्राम. रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते, निवृत्त झाल्यावर ब्राह्मणपाऱ्यात एका खोलीत एकटे राहत. सगळे त्यांना गार्डसाहेब म्हणत, मी काका म्हणायचे.

त्यांच्याविषयी मला सगळं माहीत नाही. बायको कधी गेली, मुलगा नागपूरला काय करतो, हे मी कधी विचारलं नाही. जे पाहिलं तेवढंच लिहिते.

ते सगळ्यांच्या मागे चालत. लग्नात शेवटच्या पंगतीला बसत, मयतीत सगळ्यांच्या मागे, विहारातून बाहेर पडताना सगळ्यात शेवटी. कोणी आग्रह केला की म्हणत, "मागून सगळं दिसते. समोरच्याले फक्त रस्ता दिसते." आणि चालताना ते कधी मागे वळून पाहत नसत. मी एकदा कारण विचारलं, तर त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. गार्डच्या मागे काही नसतंच, मग पाहायचं काय, असं ते म्हणाले.

आमची त्यांची ओळख बाबांमुळे झाली. बाबा रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. कामाला चांगले होते, असं सगळे म्हणत. पण पगार झाला की ते दोन-दोन दिवस घरी येत नसत. मी आठवीत होते. रायपूर नवीन राज्याची राजधानी होऊन फार दिवस झाले नव्हते. शहरात रस्ते रुंद होत होते, भोपाळहून साहेब लोक येत होते, गाड्यांच्या नंबरपाट्यांवरची अक्षरं बदलत होती. आमच्या घरात मात्र पगाराच्या आठवड्यात आई दारात बसून राहायची, त्यात काही बदल नव्हता.

एका पगाराच्या दिवशी गार्डकाका आले. आईला म्हणाले की तुमचे घरधनी धरून असे सात जण आहेत, सगळे रेल्वेचे, आणि मी त्यांची एक गाडी काढणार आहे. महिन्यातून एकदा, पगारानंतरच्या रविवारी. सकाळी अकराला सुटेल, संध्याकाळी पाचला पोचेल. तेवढ्यात प्यायचं ते प्यायचं. बाकीचे दिवस लाइन बंद. आईनं विचारलं, असं दारू पाजून काय होणार?

"मी कोणाची दारू सोडवत नाही, बाई," ते म्हणाले. "ते माह्यानं होणार नाही. मी फक्त गाडी नेतो आन् आणतो. तीस वर्षं मालगाडी नेली. आता माणसं नेऊन पायतो."

आईनं हो म्हटलं की नाही ते मला आठवत नाही. रविवारी बाबा गेले, एवढं खरं.

ती गाडी म्हणजे नागपूर ते रायपूर पॅसेंजर होती. पण सगळी शहरातल्या शहरात, पायी. काकांनी शहरातल्या सात जागांना स्टेशनांची नावं दिली होती. स्टेशनाजवळची भट्टी, म्हणजे आमच्याकडचं दारूचं दुकान, ते नागपूर. मग भंडारा रोड, गोंदिया, डोंगरगढ, राजनांदगाव, दुर्ग. आणि शेवटचं स्टेशन रायपूर म्हणजे आमच्या घराची ओसरी, कारण सातही घरांना ती जवळ होती. सातही जणांनी कामाचा खाकी शर्ट घालायचा. काका पांढरा कडक युनिफॉर्म घालत, गळ्यात शिटी, काखेत गुंडाळलेली लाल आणि हिरवी झेंडी. पाठीवर दोरीनं एक पिवळी पाटी लटकवत. खऱ्या गाडीच्या शेवटच्या डब्याला अशी पाटी असते. ती दिसली की स्टेशनवरच्या माणसाला कळतं की गाडी पूर्ण आली, मागे काही सुटलं नाही. काकांची पाटी रेल्वेची नव्हती. त्यांनी ती पेंटरकडून पदरचे देऊन करून घेतली होती आणि तसं सगळ्यांना आवर्जून सांगत.

खरी गोम वेळापत्रकात होती. सातांपैकी पहिल्यांदा ती ध्यानात आली ती देवाजींच्या. देवाजी कारखान्यातच होते, बाबांचे मित्र, जाडजूड आणि बोलघेवडे. भंडारा रोडला गाडी दोन मिनिटं थांबते, म्हणून काकांनी दोन मिनिटांतच शिटी वाजवली. ती जागा म्हणजे एक पानठेला होता. देवाजी म्हणाले, दोन मिनिटांत माणूस काय पिईल. काका म्हणाले, पाणी पी. आणि पाणी पाजलं. डोंगरगढला तर चहाचा ठेलाच निघाला. देवाजी भडकले.

"इथं काहून नाही मिळत? डोंगरगढ काय लहान स्टेशन आहे?"

"लहान नाही. वर टेकडीवर देवी आहे. बाजूच्या टेकडीवर बुद्ध आहे. दोघांच्या मधात बसून तू पिशील काय, देवाजी?"

देवाजींनी चहा घेतला आणि दोन भजी जास्त घेतली. राजनांदगाव म्हणजे एका बाईची खानावळ होती. तिथं पोटभर वरणभात खाल्ल्याशिवाय हिरवी झेंडी मिळत नसे. म्हणजे सहा तासांत दारू फक्त तीन ठिकाणी, नागपूर, गोंदिया आणि दुर्ग, आणि तीही घड्याळ लावून. मधे चालणं, पाणी, चहा, भात. पाच वाजता माणसं घरी यायची ती थकलेली असायची, भुकेली नसायची, आणि स्वतःच्या पायांवर असायची. बाबा पहिल्या महिन्यात आल्या आल्या झोपले आणि सोमवारी कामावर गेले. पुढच्या पगाराच्या रविवारी आईनं पाच वाजता सगळ्यांसाठी पोहे केले होते.

काका स्वतः प्रत्येक स्टेशनात मीठ घातलेला सोडा पीत आणि घड्याळ पाहत. रस्ता रुंद करताना गोंदियाची भट्टी पाडली गेली. मग त्यांनी जवळच्याच एका नव्या बारला गोंदिया केलं. काचेचं दार होतं, आत गारवा होता. दारावरचा माणूस म्हणाला, भैया, चप्पल में एंट्री नहीं है. सातही जण चपलांतच होते. बाबांनी घरी येऊन सांगितलं की काकांनी वाद घातला नाही. त्यांनी सगळ्यांना फुटपाथवर एका रांगेत उभं केलं आणि घड्याळ लावून वीस मिनिटं तिथंच उभं ठेवलं. येणारे-जाणारे पाहत होते. दारावरच्या माणसानं दोनदा विचारलं की काय चाललंय. काका म्हणाले, सिग्नल नहीं मिला, गाड़ी आउटर पे खड़ी है. वीस मिनिटं झाल्यावर शिटी वाजली आणि गाडी पुढे गेली. बाबा हे सांगताना हसत होते. त्यांना हसताना पाहून मला वाटलं होतं की काकांनी तो बार मुद्दामच निवडला असेल. आता खात्री नाही.

माझं काम पाच वाजता सुरू व्हायचं. काकांजवळ एक लांबट वही होती. तिच्यात प्रत्येक स्टेशनाची येण्या-जाण्याची वेळ आणि शेवटी शेरा असे. गाडी ओसरीवर आली की ते शेऱ्यात लिहीत, 'गाडी पूर्ण आली', आणि त्याखाली स्टेशनमास्तरची सही घेत. आईला लिहिता येत नव्हतं, म्हणून सही मी करायचे. पहिल्या वेळी मी पेन घेऊन लगेच नाव लिहायला लागले, तर त्यांनी वही ओढून घेतली.

"काय लिहिलं ते वाचलं काय तुम्ही, मास्तर? माणसं पाहिली? न पाहता सही कराची नाही. माह्या सांगण्यावरून तर बिलकुलच नाही."

एरवी ते मला पोरी म्हणत आणि अगं-तुगं करत. वही उघडली की अहो-जाहो. ड्युटीवरच्या माणसाला अहोच म्हणायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. तोपर्यंत मला कोणी अहो म्हटलं नव्हतं. मी मग प्रत्येक वेळी आधी शेरा वाचायचे, मग सात माणसं पाहायचे, मग सही करायचे. दहावीचा निकाल लागला तेव्हा ते आले आणि मार्कशीट हातात घेऊन पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, मागची बाजूही. मग म्हणाले की मास्तरनं आता थांबू नये. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेलं कोणी नव्हतं. बाबांशी ते काय बोलले ते मला माहीत नाही. मी कॉलेजात गेले.

पण बाबांचं एवढ्यानं सगळं नीट झालं असं नाही. मी पहिल्या वर्षाला होते तेव्हा ते एकदा मधल्याच आठवड्यात पिऊन कामावर गेले. तिथं फोरमननं पकडलं. तक्रारीचा कागद वर गेला असता तर नोकरी गेली असती. काका युनिफॉर्म घालून फोरमनला भेटायला गेले. त्यांनी वही दाखवली, चार वर्षांचे शेरे, सगळे पूर्ण. मग त्या दोघांत असं ठरलं की दर महिन्याला गाडीनंतरच्या सोमवारी काका वही घेऊन जातील. शेरा पूर्ण असला तर कागद टेबलाच्या खणातच राहील. म्हणजे बाबांची नोकरी आता त्या शेऱ्यावर आणि त्याखालच्या सहीवर होती. हे आईला ठाऊक होतं, बाबांना ठाऊक होतं, मलाही होतं. घरात त्याविषयी कोणी बोलत नव्हतं.

त्याच हिवाळ्यात काकांचा गुडघा धरला. चालवेना. आईनं निरोप पाठवला की या महिन्यात राहू द्या. ते म्हणाले, गाडी रद्द करायचा अधिकार मला नाही. त्यांनी सायकलरिक्षा केली आणि रिक्षात बसून निघाले. मात्र रिक्षा गर्दीत माणसांच्या मागे चालेना, म्हणून ती पुढे गेली आणि त्यांनी पिवळी पाटी देवाजींच्या पाठीवर बांधली. देवाजींनी सगळ्यांच्या मागे चालायचं. रिक्षा प्रत्येक स्टेशनात आधी पोचायची. मग माणसं यायची, शेवटी पाटी यायची, आणि पाटी दिसली की काका वेळ लिहायचे.

पाच वाजता रिक्षा आमच्या ओसरीसमोर आली. मागून माणसं आली, सगळ्यात शेवटी देवाजी. काकांनी रिक्षातूनच विचारलं, "पाटी आली?" देवाजी म्हणाले, आली. काकांनी मांडीवर वही ठेवून लिहिलं आणि माझ्याकडे दिली.

"मास्तर, सही करा."

मी शेरा वाचला. गाडी पूर्ण आली. मग माणसं पाहिली. सहा होती. मी पुन्हा पाहिलं. आई पोह्यांची थाळी घेऊन दारात आली होती आणि तीही पाहत होती.

मी विचारलं, "काका, बाबा कुठं आहेत?"

पुढच्या माणसाला वाटत होतं की ते मागे आहेत. देवाजींना वाटत होतं की पुढे आहेत. दुर्गला ते होते का, हे कोणालाच नक्की सांगता येईना. काका देवाजींच्या पाठीवरच्या पाटीकडे पाहत होते. मला वाटलं की ते रागावले आहेत. पण ते रागावले नव्हते. ते अगदी हळू म्हणाले, "डबे जोडलेले असतात, पोरी. माणसं कुठं जोडलेली असतात?" शेवटची पाटी आली म्हणजे मधलं सगळं आलं, यावर त्यांनी तीस वर्षं विश्वास ठेवला होता, आणि मालगाडीत तो बरोबरही होता.

त्यांनी मला रिक्षात घेतलं आणि गाडी उलटी फिरवली. दुर्गच्या दुकानदारानं सांगितलं की खाकीवाले सहाच आले होते. खानावळीतल्या बाईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, हव, भात खाईस, हात धोइस, फेर पीछू के दरवाजा ले निकल गे. म्हणजे जेवून, हात धुऊन बाबा मागच्या दारानं निघून गेले होते. ते दार तलावाच्या बाजूला होतं, म्हणून तिथून आम्ही तलावाकडे गेलो. ते बूढा तलावाच्या काठावर एका बाकाजवळ जमिनीवर बसले होते. एका पायात चप्पल नव्हती, शर्टाला चिखल होता. बाजूला बाटली होती. अजून उजेड होता, मुलं बाजूला फुगे घेऊन फिरत होती. काकांनी रिक्षातून उतरायचा प्रयत्न केला, पण गुडघा वाकेना. मी आणि रिक्षावाल्यानं बाबांना उचललं.

घरी आल्यावर बाबांना ओसरीवर बसवलं, तेव्हा त्यांना माझ्या हातातली वही दिसली.

"रंजू, पूर्ण लिही," ते म्हणाले. "आलो ना मी. पूर्णच आहे ना आता. उद्या साहेब पायते."

बाकीचे सहा जण अजून तिथंच उभे होते. देवाजी म्हणाले की गार्डसाहेब, माणूस पोचला, उशीर झाला एवढंच, लिहून टाका. आई माझ्याकडे पाहत होती आणि तिला काय हवं होतं ते मला कळत नव्हतं. खरं म्हणजे मलाही तेच हवं होतं, जे बाबांना हवं होतं. शेरा आधीच लिहिलेला होता. मी फक्त सही करायची होती.

काकांनी वही मागून घेतली. 'पूर्ण' या शब्दावर एक सरळ रेघ ओढली, बाजूला आपली छोटी सही केली. रेल्वेत खोडरबर चालत नाही, एवढं मला त्यांनीच शिकवलं होतं. मग खाली बराच वेळ लिहीत राहिले. वही माझ्याकडे देताना म्हणाले, "वाचा, मास्तर. वाचून मग ठरवा."

मी वाचलं. 'गाडी अपूर्ण आली. राजनांदगाव ते दुर्ग मधात एक माणूस सुटला. कारण, गार्डनं माणसं मोजली नाहीत, पाटी पाहून हिरवी झेंडी दिली. चूक गार्डची.' बाबांचं नाव कुठंच नव्हतं. खाली मेश्राम, गार्ड, अशी सही होती.

मी दोनदा वाचलं. त्यात खोटं असं काही नव्हतं, आणि सगळं खरंही नव्हतं. मी सही केली. बाबांनी मान खाली घातली आणि ते आत गेले.

सोमवारी काका वही घेऊन फोरमनकडे गेले. तो दिवस आईनं आणि मी कसा काढला ते सांगण्यासारखं नाही. मी कॉलेजात गेले नाही. संध्याकाळी बाबा नेहमीच्या वेळी आले, डबा धुवायला टाकला, पिशवी खुंटीला लावली. मग म्हणाले की फोरमननं शेरा वाचला, आणि काकांना विचारलं, आप कहाँ थे. काका म्हणाले, रिक्शे में. फोरमननं थोडा वेळ वही तशीच धरली. मग म्हणाला की इतवार था, और गलती जिसकी है उसने लिख दी है. कागद खणातच राहिला.

त्यानंतर गाडी सुटली नाही. देवाजी आणि बाकीचे दोनदा काकांकडे गेले, गुडघा बरा झाल्यावरही गेले. काकांनी पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. ज्या गार्डवर चूक लिहिली गेली तो चौकशी होईपर्यंत गाडी नेत नाही, असं ते म्हणाले. चौकशी कोण करणार, असं देवाजींनी विचारलं. सात जण आपापल्या वाटेनं गेले. देवाजी पुढे खूप प्यायला लागले. बाबांची दारू सुटली असं मी म्हणणार नाही, पण ते नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत कामावर गेले.

काका पुढच्या वर्षी मुलाकडे नागपूरला गेले आणि तिथंच वारले. फोन आला तेव्हा माझी परीक्षा चालू होती. आईनं मला पेपर झाल्यावर सांगितलं.

ते जाण्याआधी मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पगाराच्या एका संध्याकाळी. मी ओसरीवर वाचत बसले होते. सहाचा सुमार असेल, ऊन घरांच्या वरच्या अर्ध्यावर होतं. बाबा गल्लीतून येताना दिसले, हातात पिशवी होती. त्यांच्या मागे वीस-पंचवीस पावलांवर काका होते. साधा शर्ट, झेंडी नाही, शिटी नाही, पाय थोडा ओढत. मग मला कळलं की गाडी बंद झाल्यापासून बाबा पगाराच्या दिवशी सरळ घरी का येत होते. कारखान्याच्या फाटकापासून काका त्यांच्या मागे चालत येत असणार. बाबांना ते माहीत होतं, हे त्यांच्या चालण्यावरून कळत होतं. दोघांपैकी कोणी कोणाला हाक मारली नाही.

बाबा पायऱ्या चढून आत गेले. काका कोपऱ्यावर थांबले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले आणि हात सरळ वर केला, स्टेशनमास्तर करतात तसा. त्यांनीही हात वर केला, आणि ब्राह्मणपाऱ्याकडे वळले.

ते कोपऱ्याआड गेल्यावर माझ्या मनात आलं की सगळे घरी पोचले हे ते पाहत आले, पण ते स्वतः पोचले की नाही हे कुठल्याच वहीत कधी लिहिलं गेलं नाही. त्यांच्या मागे कोणी नसायचंच. मी पुस्तक खाली ठेवलं, चपला घातल्या आणि वीस पावलं अंतर ठेवून त्यांच्या मागे निघाले. ते हळू चालत होते. एका दुकानासमोर टेकून उभे राहिले, तेव्हा मीही थांबले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. आपल्या खोलीशी आल्यावर कुलूप काढलं, दार उघडलं, आणि उंबऱ्यावर उगाच थोडा वेळ उभे राहिले, पाटी दाखवावी तशी पाठ रस्त्याकडे करून. मग आत गेले.

आतून कडी लागल्याचा आवाज आला, तेव्हा मी परत फिरले.